सणाआधीची मापं

डोंबिवलीत ब्लाउज शिवणाऱ्या बाईची दिवाळी पंचांगावर ठरत नाही, फडके रोडवर ठरते. नरक चतुर्दशीला पहिली आंघोळ उरकली की गावातली तरुण पोरं-पोरी नटून फडके रोडला येतात, गणपतीच्या देवळात डोकं टेकवतात आणि ऊन चढेपर्यंत रस्त्यावरच रेंगाळतात. नवे कपडे दाखवायचे, दुसऱ्यांचे बघायचे, शाळेतले मित्र शोधायचे. पूर्वी कॉलेजची मुलंच असायची, आता त्यांच्या आयाही असतात, आणि आयांना मुलींपेक्षा भानगडीचे गळे लागतात. त्या सकाळी कुणाचा हूक निसटला, कुणाला बाही काचली, हे पाडव्याच्या आत माझ्या कानावर येतंच. त्यामुळे माझ्याकडे दिवाळीची शेवटची तारीख म्हणजे धनत्रयोदशीची रात्र. भाऊबीजेचं काम त्यानंतर, ज्यांच्याशी घरोबा आहे त्यांच्यापुरतं.

मोसम चढायला लागतो गौरींपासून. पितृपक्षात नवं कापड घ्यायचं नाही म्हणून पंधरवडाभर गिऱ्हाईक पातळ होतं. तेवढ्यात आम्ही साठलेलं उरकतो. मग नवरात्र. नऊ दिवसांचे नऊ रंग कुठल्या पोथीत नाहीत, ते वर्तमानपत्रांनी रुळवले. त्यावर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. राखाडी रंगाचा ब्लाउज एरवी कोण शिवून घेतं? दसऱ्यापासून तीन आठवड्यांच्या आत दिवाळी येते आणि त्या दिवसांत दुकानातला पंखासुद्धा लावता येत नाही, कारण कापलेले तुकडे उडतात.

नेमक्या याच दिवसांत माझे हात माझ्या बाजूने नसतात. मला संधिवात आहे. म्हातारपणी गुडघे झिजतात तो नव्हे, ऱ्हुमॅटॉइड. रोगजंतूंशी लढणारी शरीरातली यंत्रणा आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. ते सुजतं, आणि सूज वर्षानुवर्षं तशीच राहिली तर हाड खायला लागते. पुरुषांपेक्षा बायकांना हा दोन-तीन पटीने जास्त होतो आणि बहुतेकदा हातापायांच्या लहान सांध्यांपासून सुरू होतो, दोन्ही बाजूंना सारखाच. मला तो पहिल्यांदा कात्रीत जाणवला. शिंप्याची दहा इंची कात्री जड असते, पण ती हाताला जड वाटू नये एवढी वर्षं मी ती चालवली आहे. एका सकाळी तिच्या कडीत अंगठा घातला तर बाहेर काढता येईना. दुपारी मात्र सगळं ठीक. या दुखण्याचा हा एक विचित्रपणा आहे: सकाळी तास-दीड तास बोटं आखडलेली आणि जेवणवेळेपर्यंत बरीच मोकळी. त्यामुळे सकाळी आठला मला बघणारी शेजारीण आणि दुपारी तीनला बघणारं गिऱ्हाईक यांची माझ्याबद्दलची मतं कधीच जुळत नाहीत.

औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, मेथोट्रेक्सेट. डॉक्टरांनी पाकिटावर वाराचं नाव ठळक लिहून दिलं, कारण रोजच्या गोळीसारखी ती चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. मी रविवारी रात्री घेते. सोमवारी पोटात ढवळतं, अंग मोडून येतं आणि सोमवारी माझं दुकान बंद असतं, असा तो हिशेब. मंगळवारी फॉलिक ॲसिड. मधूनमधून रक्त तपासायचं, यकृत आणि पेशी ठीक आहेत ना बघायला. फार्मसी शिकणाऱ्या माझ्या मुलीने सांगितलं की या औषधाचं मूळ एका तेलुगू माणसाकडे जातं. यल्लाप्रगडा सुब्बाराव, भीमावरमला जन्मलेले, अमेरिकेत औषधांच्या प्रयोगशाळेत काम करणारे. त्यांच्या हाताखाली ते कॅन्सरसाठी तयार झालं आणि 1948 साली, त्रेपन्नाव्या वर्षी, ते गेले. संधिवातासाठी अमेरिकेत त्याला रीतसर मान्यता मिळाली 1988 साली. गोळी गिळताना मला कधीकधी या गृहस्थांची आठवण होते. कुणी चांगलं काम करून ठेवलं की ते कुणाच्या बोटांना उपयोगी पडेल सांगता येत नाही.

दमट हवेने, थंडीने हे दुखणं वाढतं असं सगळे सांगतात. माझं दुखणं हवेपेक्षा कामाच्या ढिगाला जास्त ओळखतं. म्हणून काम बदलावं लागलं. पायाचं मशीन आता मोटरवर आहे. पायाच्या हलक्या दाबाने चालतं. कापायला दोन्ही हात लावता येतील अशी लहान, स्प्रिंगची कात्री घेतली. जाड अस्तराचे थर एकदम कापायचे नाहीत, वेगवेगळे कापायचे. सुईत दोरा ओवायला पत्र्याची छोटी ओवणी. खरी अडचण हूक लावण्याची. ब्लाउजच्या सगळ्या कामात हूकपट्टी हे सगळ्यात बारीक, सगळ्यात चिकट काम; चिमटीत हूक धरायचा, त्याच्या दोन्ही कड्यांतून दोरा घ्यायचा, ओढायचा, गाठ मारायची, आणि एका ब्लाउजला असे पाच-सहा. चिमूट हीच माझी गेलेली गोष्ट. ते काम मी गल्लीतल्या एका बाईला देते, ती घरी बसून डझनावर करते. तुरपाईही तिचीच. त्यामुळे माझा नफा कमी झाला हे खरं; तिच्या घरात भर पडली हेही खरं. मोसमात ती मला "ताई, आज तुम्ही टिपा कमी मारल्यात" म्हणून दटावते. मी कमी काम दिलं की तिचे पैसे बुडतात, तेव्हा ती दटावणी काळजीची किती आणि व्यवहाराची किती हे मी मोजत नाही.

खंडेनवमीला मशीनची पूजा होते. तेल देऊन, पुसून, झेंडूची माळ घालून त्याला एक दिवस विश्रांती. सासूबाई असताना त्या दिवशी सुईलासुद्धा हात लावू द्यायच्या नाहीत, आणि ऐन मोसमात तो एक दिवस गेला म्हणून मी मनातून चरफडत असे. आता तो दिवस मी कॅलेंडरवर आधीच लाल करते. दसऱ्याच्या पुढच्या पंधरवड्यात असाच आणखी एक दिवस मी स्वतःहून बंद ठेवते. त्याला धार्मिक कारण नसल्यामुळे तो लोकांना पटवायला जास्त त्रास होतो. "देवाचं आहे" म्हटलं की कुणी वाद घालत नाही. "हात सुजलेत" म्हटलं की म्हणतात, "नुसता गळा तर वाढवायचाय."

हे सगळं माझ्यापुरतं. पण हात असे झाल्यावर माझ्या लक्षात एक वेगळंच आलं: सणाआधी माझ्याकडे येणाऱ्या बायकांतल्या पुष्कळजणी आजारी असतात. पूर्वीही असतील. तेव्हा मला दिसत नव्हत्या, किंवा त्या मला दिसू देत नव्हत्या. आता माझ्या मनगटावरचा पट्टा बघितला की त्या पडद्यामागे गेल्यावर हळूच सांगतात.

आमच्या धंद्यात मापाचा ब्लाउज नावाचा प्रकार आहे. गिऱ्हाईक आपला एक नीट बसणारा जुना ब्लाउज आणून देतं आणि म्हणतं, "याच मापाने शिवा." माप घेण्याचा वेळ वाचतो. आजारपणात मात्र मापाचा ब्लाउज म्हणजे आजाराच्या आधीचं शरीर. स्टेरॉइड चालू असलेली बाई दोन महिन्यांत भरते, चेहरा गोल होतो, पाठीला मांस चढतं. केमो चालू असलेली कधी वाळते, कधी उलट सुजते. तरी ती जुनाच ब्लाउज पुढे करते, त्याच विश्वासाने. अशा वेळी टेप हातात घेऊन "नव्याने माप घेऊ या" म्हणणं हे नाजूक काम आहे. मी म्हणते, "या कापडाला ताण नाही, अंगावरच घेते." कापडाला ताण असो वा नसो. छाती, कंबर, खांदा, मुंढा, दंडघेर, बाहीची लांबी, पुढचा गळा, मागचा गळा. सगळं क्रमाने, आकडे मोठ्याने न उच्चारता. पूर्वी मी आकडे हाक मारून सांगायची आणि मुलगी वहीत लिहायची. आता मीच लिहिते. बाहेर बाकावर बसलेल्या बाईला आतल्या बाईचा आकडा कळायचं काही कारण नाही. एवढंच नव्हे, तर माझ्या बोटांना काय लागलं हेही कळायचं कारण नाही. डॉक्टर आणि घरचे सोडले तर अंगाला हात लावणारी तिसरी व्यक्ती बहुधा शिंपीण असते. या गल्लीत निम्म्या बायका एकमेकींच्या नात्यात, उरलेल्या भिशीत. तिथे तोंड बंद ठेवणं हे कात्री चालवण्याइतकंच धंद्याचं अंग आहे.

एक शिक्षिका आल्या होत्या, शाळेला दिवाळीची सुटी लागायच्या आधी. टाटाला ट्रीटमेंट झालेली, म्हणजे परळला, लोकलने जाऊन-येऊन. डाव्या बाजूचं ऑपरेशन, काखेतल्या गाठीही काढलेल्या. त्यांना भाऊबीजेला भावाकडे जायचं होतं आणि नेसायची होती आईची जुनी इरकली. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की कुणी माझ्या छातीकडे बघून मग माझ्या तोंडाकडे बघायला नको.

या शिवणाचं मला तेव्हा पुस्तकी ज्ञान नव्हतं. बरंचसं त्यांनीच सांगितलं, त्यांना हॉस्पिटलात नर्सने समजावलेलं होतं. काखेतल्या गाठी काढल्या की त्या हातातला द्रव नीट वाहून जात नाही, हात सुजतो. त्या हाताला घट्ट बाही नको, घट्ट बांगडी नको, रक्तदाबाचा पट्टाही शक्यतो दुसऱ्या हाताला. दंडघेर दोन्हीकडचा मोजला तर दीड इंचाचा फरक. फक्त सुजलेल्या बाजूची बाही सैल ठेवली असती तर तो फरक फोटोत आधी दिसला असता. दोन्ही बाह्या सारख्याच सैल केल्या, कोपरापर्यंत आणल्या आणि खाली इरकलीचाच बारीक काठ लावला. जुन्या मराठी सिनेमातल्यासारखी बाही दिसायला लागली. मुंढा खोल घेतला, कारण हात वर न्यायला त्यांना अजून ओढ बसत होती आणि ओवाळताना ताट हातात घेऊन हात फिरवावा लागतो. हूक पुढून. मागे हात नेऊन हूक लावणं ऑपरेशननंतर कित्येक महिने जमत नाही. माझ्या बोटांनी तर एरवीही जमत नाही. आणि आतून, अस्तराला, मऊ सुती कापडाचा खिसा, सिलिकॉनचा आकार बसवायला. तो आकार वजनाला बराच असतो, आणि असायलाच हवा. नाहीतर ब्लाउज त्या बाजूने वर चढतो आणि खांदा वाकडा दिसतो. खिसा मी दोन्ही बाजूंना केला. उजव्या बाजूच्या खिशाचा उपयोग काही नाही, पण ब्लाउज दोरीवर वाळत घातला तरी कुणाला कळू नये.

मराठी पदर डाव्या खांद्यावर येतो हे अशा वेळी बरंच पदरात पडलेलं असतं. तरी मी पदराच्या भरवशावर कापड कापत नाही. पदर सरकतो. ओवाळायला वाकलं की हमखास सरकतो.

दुसरी एक मुलगी, इंजिनिअरिंगला असलेली. ल्युपस. हाही माझ्याच जातकुळीचा आजार, शरीर स्वतःवर उलटण्याचा, पण तरुण मुलींना जास्त होणारा आणि उन्हाने चाळवणारा. ऊन लागलं की गालांवर लाली येते आणि नुसती लालीच येते असं नाही, आतला आजारही डोकं वर काढतो. तिच्या आईचं म्हणणं, या वर्षी फडके रोड नको, धूर असतो, गर्दी असते, ऊन असतं. मुलीचं म्हणणं, कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे. आई माझ्याकडे बघत होती, मी काहीतरी बाजू घेईन म्हणून. मी शिंपीण आहे, डॉक्टर नाही, मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?" डॉक्टर म्हणाले होते, लवकर जा, नऊच्या आत परत ये, अंग झाकून, तोंडाला क्रीम लावून. मग माझं काम सोपं झालं. बंद गळा आणि मनगटापर्यंत बाही. कापड तिने खणाचं आणलं होतं, गडद निळं. खण मूळचा कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा. विणीला घट्ट असतो आणि उन्हासाठी घट्ट विणीचं कापडच बरं. पण तो पन्ह्याला अरुंद, पूर्ण बाही एका तुकड्यात निघत नाही. जोड कोपराच्या वर घेतला आणि त्यावरून काठाची पट्टी फिरवली. बंद गळ्याने स्टेरॉइडमुळे भरलेली मान झाकली गेली. ते मी बोलले नाही, तिने आरशात पाहिलं आणि तीही बोलली नाही. दिवाळीनंतर तिच्या दोन मैत्रिणी तसाच ब्लाउज शिवायला आल्या. त्यांना वाटलं ही फॅशन आहे. माझ्या मते ती फॅशनच होती.

पक्षाघात झालेल्या एका आजींसाठी शिवलेला ब्लाउज मात्र कुणाला कौतुक करण्यासारखा दिसला नसता. वरून खोटे हूक, खाली वेलक्रो. पण त्या निमित्ताने मला एक उपयोगाची गोष्ट कळली, जी त्यांच्या सुनेला फिजिओथेरपिस्टने शिकवली होती: कपडा घालताना लुळा हात आधी घालायचा, काढताना चांगला हात आधी काढायचा. एकदा हे कळलं की मुंढा कुठल्या बाजूला मोठा ठेवायचा, उघडीप कुठून द्यायची हे आपोआप सुचतं. नऊवारी शिवून दिली, कमरेला इलॅस्टिक, काष्टा जागेवर टाचलेला. आजींची बोलण्याची अडचण होती, तरी त्यांनी सुनेला खुणेने सांगितलं की ओचा नाही. शिवलेल्या नऊवारीला ओचा कुठून येणार? मी उरलेल्या कापडाचा एक खोटा ओचा करून पुढे लावून दिला.

आजारी बाई म्हणजे मॅक्सी, हे आपल्या घरांतलं समीकरण मला अजिबात आवडत नाही. ऑपरेशन झालं, ताप आला, बाळंतपण झालं, की मॅक्सी. पाहुणे आले की त्यावर ओढणी. मॅक्सी सोयीची आहे, घालायला-काढायला सोपी, पोटावर ताण नाही, सगळं मान्य. पण सहा महिने मॅक्सीत असलेल्या बाईला दिवाळीच्या पाहुण्यांनी नमस्कार करण्याऐवजी "कशी आहेस आता?" विचारलं तर त्यात पाहुण्यांची चूक नाही, कपड्यानेच तिला आजारी म्हणून पुढे बसवलेलं असतं. तीच सोय साडीत, ब्लाउजात, कुडत्यात देता येते. थोडं जास्त कापड लागतं, थोडा विचार लागतो.

यावर लगेच दुसऱ्या बाजूने बोल येतो, तोही मी खाल्लेला आहे. मला नीट राहायची आवड आहे. आणि शिंपिणीने नीट राहायलाच हवं. तिच्या अंगावरचा ब्लाउज हीच तिची पाटी. हात बिघडल्यावर मी नेसण्यात बदल केले. निऱ्या चिमटीत धरता येत नाहीत, म्हणून माझ्या रोजच्या साड्यांच्या निऱ्या मीच मशीनवर टाचून ठेवल्यात, कमरेला हूक. सेफ्टी पिन बंद. पदराला आतून टिचबटण. मनगट सुजलं की काचेच्या बांगड्या चढत नाहीत, चढल्या तर उतरत नाहीत, म्हणून सणाला उघडणारे तोडे. मंगळसूत्राच्या फासाला चुंबकाचा हूक. चपला सपाट आणि मऊ तळाच्या, कोल्हापुरी कपाटात. मनगटाच्या आधाराला जो काळा पट्टा मिळतो, त्याला मी गिऱ्हाइकांच्या ब्लाउजमधून उरलेल्या काठांचे अभ्रे शिवलेत, साडीप्रमाणे बदलते. तो पट्टा लपवायचा माझा हेतू नव्हता. दिवसभर डोळ्यांपुढे असणारी वस्तू काळी आणि मळकट कशाला असावी, एवढाच विचार.

तर हळदीकुंकवाला एक बाई दुसरीला म्हणाली, मला ऐकू जाईल अशा बेताने, "एवढं मॅचिंग करायला सुचतं म्हणजे दुखत काही नसणार." दुसऱ्या एका ठिकाणी, मी त्या दिवशी थकलेली होते, साधा सुती कुडता घालून गेले, तर तिथे "अगं, फारच खंगलीस" आणि घरगुती उपायांची यादी. मेथ्या, लसूण, एरंडेल, कुठल्याशा गावचा वैद्य. आजारी माणसाला सणावाराला असा पेच असतो: नटलं तर आजार खोटा, नाही नटलं तर माणूस संपलेला. दोन्हींतून मी माझ्यापुरता मार्ग काढलाय तो असा, की दुखण्याचं उत्तर मी तोंडाने देते आणि कपड्याचं कपड्याने. कुणी विचारलं "दुखतंय का?" तर हो, दुखतंय, सांगते. साडीवरून अंदाज बांधणाऱ्यांना साडीची किंमत सांगते.

पहिल्या आंघोळीची गंमत अशी की ती नेमकी माझ्या सगळ्यात वाईट वेळेला असते. सूर्योदयाआधी, जेव्हा मूठही वळत नाही. पण गंमत पुढे आहे. कोमट तेल लावून बोटं चोळायची आणि कढत पाण्यात हात बुडवायचे, हे मला फिजिओथेरपीत रोज सकाळी करायला सांगितलेलंच आहे. तेव्हा त्या पहाटे सारं घर माझ्या दिनक्रमावर येतं. उटणं मात्र मुलगी लावते. मला ते भिजवतानाच बोटं दमतात.

फराळाचं मी सोडून दिलंय. चकलीचा सोऱ्या दाबणं हा या बोटांवरचा अत्याचार आहे. पितळी, फिरकीचा असला तरी. करंजीच्या कडा कातण्याने कापते, पण पाऱ्या लाटायला दुसरं कोणी लागतं. बचत गटाच्या बायकांकडून चकल्या आणि अनारसे घेते. माझी चुलत जाऊ अजून विचारते, "घरच्या का गं?" मी सांगते, घरच्याच आहेत, घर वेगळं आहे. नवरात्राचे नऊ उपासही बंद झाले. दुखण्यावरची गोळी उपाशीपोटी घेता येत नाही, म्हणून उठता-बसता करते, पहिला आणि शेवटचा. दिवाळीच्या आठवड्यात डॉक्टर गावाला जातात, लॅब लक्ष्मीपूजनाला बंद, म्हणून औषधं आणि रक्ततपासणी वसुबारसेच्या आत उरकायची. ताप आला तर रविवारची गोळी थांबवून डॉक्टरांना फोन. हा औषधाचाच नियम आहे, कारण त्या गोळीने जंतूंशी लढायची ताकद थोडी कमी होते आणि दसरा-दिवाळीच्या दिवसांत डोंबिवलीत डेंग्यूच्या डासांचीही दिवाळी असते. डॉक्टरांचा नंबर माझ्या मापाच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलेला आहे. मुलीला ती वही कुठे असते ते माहीत आहे. फोन कुठे आहे हे मोसमात मलाच माहीत नसतं.

आता दुकानात पाटी आहे. दिवाळीचं कापड दसऱ्यापर्यंत घेतलं जाईल. त्याखाली लहान अक्षरांत: पुढून हूक, मोठा मुंढा, सैल बाही, आतला खिसा, जादा आकार नाही. कारण विचारत नाही, असंही लिहायचं होतं, पण पाटी लहान पडली. पाटी लावल्यावर ज्यांच्यासाठी ती होती त्या आल्याच, न सांगता, नुसतं बोट दाखवून. आणि ज्यांच्यासाठी ती नव्हती त्याही आल्या. डोंबिवली-सीएसएमटी रोज उभ्याने जाणारी एक ठणठणीत बाई पाटी वाचून म्हणाली, "ताई, मलाही तो आतला खिसा द्या ना. पास आणि सुटे पैसे ठेवीन. पर्स मारतात हो गर्दीत." मग तिच्या डब्यातल्या आणखी चौघी. एकीला चेन हवी होती, एकीला मोबाइल मावेल एवढा.

त्यांच्याकडून मी जादा घेते. चेनचे वेगळे.